रिकामी खुर्ची : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेतील प्रतीके व त्यांचे वास्तव

मराठीत ‘पानिपत’ हे केवळ एका गावाचे नाव राहिलेले नाही. एखाद्याचा पुरता धुव्वा उडाला की त्याचे ‘पानिपत झाले’ असे म्हणतात. आणि कोणी ‘विश्वास ठेवा’ म्हटले, तर ‘विश्वास पानिपतावर गेला’ असे उत्तर आजही घरोघरी ऐकावयास मिळते. १४ जानेवारी १७६१ या दिवसाने मराठी भाषेला एक वाक्प्रचार आणि एक कोटी दिली. जयंत विष्णु नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा विचार शीर्षकातील या वाक्प्रचारापासूनच सुरू करावयास हवा. कारण कथेत मराठे पानिपत जिंकतात, आणि पानिपत होते ते इतिहासाच्या एका प्राध्यापकाचे. कथेच्या इंग्रजी रूपाचे नाव ‘द ॲडव्हेंचर’ असे आहे. अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून ते देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. त्या नावात साहस तेवढे उरले; उपरोध गळून पडला.

हे गळणे केवळ भाषांतरातले नाही. मराठी वाचकही ही कथा बहुधा दोन अंगांनीच वाचतो. एक अंग विज्ञानाचे : एकाच वास्तवाला अनेक फाटे फुटू शकतात काय, हा प्रश्न. दुसरे अंग हळहळीचे : मराठे जिंकले असते तर काय झाले असते, हा प्रश्न. दोन्ही अंगांच्या मध्यभागी विश्वासरावांना चाटून गेलेली ती बंदुकीची गोळी असते. त्यामुळे आझाद मैदानावरील सभेचा प्रसंग हा गंभीर कथेला जोडलेले एक विनोदी शेपूट ठरतो. वस्तुतः कथेची कळ त्या प्रसंगात आहे. गोळी हे कथेचे निमित्त होय. तिचे प्रतीक म्हणजे खुर्ची.

कथानक थोडक्यात असे. इतिहासकार प्रा. गंगाधरपंत गायतोंडे यांनी सभांची नऊशे नव्याण्णव अध्यक्षपदे भूषविलेली आहेत. पानिपतच्या परिणामांवरील एका परिसंवादात हजारावे अध्यक्षीय भाषण व्हावयाचे असते. त्या भाषणाचा विचार मनात घोळत असता त्यांची एका ट्रकशी टक्कर होते, आणि ते एका निराळ्याच भारतात वावरू लागतात. पुण्याहून जिजामाता एक्सप्रेसने ते मुंबईस निघतात. वाटेत पेशावरला निघालेले खानसाहेब भेटतात. मुंबई इंग्रजांची आहे. मुलाच्या कचेरीत मुलाचा पत्ता नाही. गोंधळलेला इतिहासकार मग इतिहासकाराला साजेसा मार्ग धरतो : टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तके मागवितो. त्यांत त्याचे स्वतःचे पाच खंडही आहेत. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचे चार खंड जसेच्या तसे; पाचवा मात्र बदललेला. दोन्ही टोकांकडून वाचत वाचत तो पानिपतापाशी येऊन ठेपतो. तेथे गोळी विश्वासरावांना लागत नाही, सैन्य धीर सोडत नाही, आणि युद्ध जिंकले जाते. संध्याकाळी आझाद मैदानावर व्याख्यान चालू असते. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते. पंत जाऊन तीवर बसतात. श्रोते खवळतात, टोमॅटो आणि अंडी फेकतात, आणि त्या गदारोळात पंत नाहीसे होतात. आपल्या जगात परतल्यावर राजेंद्र देशपांडे हा वैज्ञानिक मित्र त्यांना घडल्या प्रकाराची उपपत्ती सांगतो.

अशा कथेच्या बाबतीत वास्तवातील मूळ शोधण्याचा मोह अनावर असतो. गायतोंडे म्हणजे पुण्याचे कोण, हा प्रश्न या मोहाचे सर्वांत बाळबोध रूप होय. अध्यक्षपदांचा असा हव्यास एका व्यक्तीची मिरास असता, तर त्यावर कथा लिहिण्याचे कारणच नव्हते. उपरोधिकेचे पात्र हे जातीचे पात्र असते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’तील बंडूनाना आणि पांडुतात्या यांची मुळे जळगाव-जामोदच्या वकिलांच्या खोलीत शोधण्याने काही हाती लागत नाही, ती रीतीभातींत शोधावी लागतात. नारळीकरांच्या चरित्रातील जो तपशील कथेवर खरोखर प्रकाश टाकतो, तो त्यांच्या परिचितांविषयी नसून त्यांच्या स्वतःच्या नावाविषयी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. जगभर नाव झालेल्या खगोलशास्त्रज्ञाने आपले नाव बाजूस ठेवून लेखन परीक्षकांपुढे ठेवले आणि बक्षीस मिळविले. नावाची खुर्ची रिकामी ठेवून मजकूर पुढे पाठविण्याची ही कृती आणि आझाद मैदानावरील त्या श्रोत्यांची मागणी यांच्यात जे साम्य आहे, ते कोणत्याही व्यक्तिसाम्यापेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे.

कथेतील स्थलविषयक तपशील मात्र उघडपणे वास्तवातून उचललेले आहेत, आणि त्यांचे काम पाहण्यासारखे आहे. गाडीच्या खिडकीतून पुण्याबाहेर औद्योगिक वसाहती दिसत नाहीत. हॉर्नबी रोड अजून हॉर्नबी रोडच आहे. दादाभाई नौरोजींचे नाव त्याला मिळालेले नाही. त्यावर हॅण्डलूम हाऊस नाही. त्याऐवजी विलायती दुकाने आणि विलायती पेढ्या आहेत. ईस्ट इंडिया कंपनीची भव्य कचेरी उभी आहे, कारण त्या जगात १८५७ नंतर कंपनी गुंडाळली गेलेलीच नाही. व्हिक्टोरिया टर्मिनस स्वच्छ आणि टापटिपीचे आहे. येथे वाचक क्षणभर थबकतो. मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात मुंबई अधिक इंग्रजी झाली आहे, आणि स्वच्छही! पाहणाऱ्याच्या मनात अभिमान आणि असूया यांची जी मिसळ होते, तीवर लेखक एका शब्दाचीही टिप्पणी करीत नाही. उपरोधाचे हे सर्वांत संयत रूप होय. खानसाहेबांच्या प्रवासाचेही तसेच. रात्री मुंबईहून निघून दिल्ली, लाहोर असे करीत ते पेशावरला जाणार आहेत, हे ते अगदी सहज सांगतात. त्या सहजतेतच फाळणी न झालेला एक देश उभा राहतो. कोणी त्याचा उच्चार करीत नाही, उसासा टाकीत नाही. प्रतीकाने बोलके होऊ नये, हा नियम नारळीकरांनी येथे पाळला आहे. दुर्दैवाने सर्वत्र पाळलेला नाही.

‘सरहद’ या स्थानकाचा तपशील जरा अधिक विचार करावयास लावतो. कल्याण मागे टाकून, लांब बोगद्यातून बाहेर पडल्यावर गाडी या छोट्या स्थानकावर मंदावते आणि गणवेशातील अँग्लो-इंडियन अधिकारी परवाने तपासतो. येथून इंग्रजांचा मुलूख सुरू होतो. या मार्गाने जाणाऱ्या कोणालाही तो बोगदा पारसिकचा वाटेल, आणि मग सरहद ठाण्याच्या आसपास येते. आता चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी घेतलेली साष्टी इंग्रजांच्या हाती गेली ती १७७४ च्या अखेरीस, म्हणजे पानिपतानंतर तेरा वर्षांनी; आणि गेली ती रघुनाथरावांच्या भांडणाचा फायदा घेऊन. कथेतील जगात रघुनाथराव मागे पडले आहेत, तेथे साष्टी जाण्याचे कारणच उरत नाही. इंग्रजांची हद्द शीव-माहीमच्या खाडीशी असावयास हवी होती. कथेच्या तर्काशी हे विसंगत आहे खरे. परंतु ही विसंगती निव्वळ दोष म्हणून काढून टाकण्याजोगी नाही. कल्पित इतिहास लिहिणाऱ्याच्या मनातही घडलेल्या इतिहासाची हद्द कशी ठाण मांडून बसते, हे ती दाखविते.

आता गोळीकडे वळावयास हरकत नाही. एका क्षुल्लक घटनेने इतिहास फिरला असता, ही कल्पना नवी नाही. १९०७ साली ट्रेव्हेल्यनने वॉटर्लू नेपोलियनने जिंकले असते तर काय झाले असते, यावर निबंध लिहिला. १९३१ साली स्क्वायरने अशा लेखांचा जो संग्रह संपादित केला, त्यात चर्चिलने आणखी एक वळसा दिला : लीने गेटिसबर्ग जिंकल्याच्या जगात बसलेला लेखक, तो हरला असता तर काय झाले असते, याची कल्पना करतो. नारळीकरांची कथा या परंपरेत सहज बसते. तथापि पानिपतचा प्रश्न मराठीत केवळ कल्पनेच्या खेळाचा नाही. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत पानिपतच्या पराभवाची कारणे शोधली. शेजवलकरांनी आधी इंग्रजीत १९४६ साली आणि पुढे मराठीत ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ लिहून सदाशिवरावभाऊंच्या बाजूने वाद मांडला. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ ची. अडीचशेहून अधिक वर्षे एक समाज एका दिवसाचा जबाब घेत आला आहे.

या जबाबात कथेतील गोळी नेमके काय बदलते, हे तपासले की एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. कथेतील पर्यायी इतिहासात दिल्लीची पातशाही नाममात्र राहते आणि तिची सूत्रे मराठ्यांच्या हाती येतात. पण प्रत्यक्षातही पराभवानंतर दहा-अकरा वर्षांतच हे घडले. माधवरावांनी राज्य सावरले. १७७२ च्या आरंभी शाह आलम मराठ्यांच्या पाठबळाने दिल्लीत परतला. आणि पुढे महादजी शिंद्यांच्या काळात पातशहाचा कारभार मराठी सरदाराच्या हाती आला. १८०३ मध्ये लेकने दिल्ली घेतली तेव्हा ती शिंद्यांच्या सैन्याशी लढून घेतली. म्हणजे पानिपत जिंकून जे मिळाले असते असे कथा म्हणते, त्यातील पुष्कळसे पानिपत हरूनही मिळाले होते. टिकले मात्र नाही. न टिकण्याचे कारण अब्दालीकडे शोधता येत नाही. १७७३ साली नारायणरावांचा खून आणि १७७५ साली रघुनाथरावांचा सुरतेचा तह, या दोन घटनांनी इंग्रजांना पुण्याच्या कारभारात शिरण्यास वाट मिळाली. नारळीकरांच्या पर्यायी इतिहासात विजयाइतकाच महत्त्वाचा फरक हाच आहे : विश्वासराव आणि माधवराव हे दोन भाऊ एकत्र उभे असल्याने दादासाहेबांना बाजूस बसावे लागते. गोळी चुकली म्हणजे अफगाणांचा पराभव झाला, हे वरवरचे वाचन झाले. गोळी चुकली म्हणजे एका घरातील गृहकलह टळला, हे अधिक खोल वाचन होय. ‘विश्वास पानिपतावर गेला’ या कोटीतील विश्वास येथे खरोखरच जिवंत राहतो, आणि तो आपसांतला विश्वास आहे.

तरीही या कल्पनेला एक मर्यादा आहे, आणि ती स्पष्ट सांगणे अवश्य आहे. एक अठरा वर्षांचा पेशवेपुत्र जगला तर साम्राज्य वाचते, पडला तर बुडते, असे मानणे म्हणजे इतिहासाला एका अध्यक्षाची सभा मानणे होय. दाणागोटा, तीर्थयात्रेकरूंचा लोंढा, उत्तरेतील सत्ताधाऱ्यांशी तुटलेले संबंध, दिल्लीहून बंद झालेली रसद हे सारे त्या हिशेबात श्रोत्यांप्रमाणे खाली बसलेले राहते. नागपूरच्या वाचकाला तर ही मर्यादा अधिकच जाणवते. कथेतील पर्यायी इतिहास पुणे, मुंबई आणि दिल्ली या तीन बिंदूंवर उभा आहे; भोसल्यांचे नागपूर त्यात नाही. पेशवे आणि भोसले यांचे वैर, सीताबर्डीची १८१७ ची लढाई, १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर डलहौसीने खालसा केलेले राज्य, यांतील कोणत्या गोष्टी त्या चुकलेल्या गोळीने चुकल्या असत्या, असा प्रश्न विदर्भात कोणीही विचारील. संघराज्याच्या अंगांनी बनलेल्या सत्तेचे भवितव्य तिच्या मध्यवर्ती घराण्यातील एका तरुणाच्या कपाळाशी बांधणे, हा दोष कथेचा की कथानायकाच्या इतिहासदृष्टीचा? हा प्रश्न उघडा ठेवता येतो. कारण पाचव्या खंडाचे लेखक गंगाधरपंत स्वतःच आहेत, आणि अध्यक्षपदे भूषविणाऱ्या इतिहासकाराने अध्यक्षांचाच इतिहास लिहावा, हे त्याच्या स्वभावाशी सुसंगत आहे.

ग्रंथालयातून पंतांच्या खिशात आलेले बखरीचे पान हे कथेतील दुसरे प्रतीक. पंत ग्रंथालयात ‘भाऊसाहेबांची बखर’ चाळतात आणि बाहेर पडताना विसराळूपणे ती खिशात घालतात. मैदानावरील गोंधळात बखर हरवते, एक पान तेवढे उरते. आणि त्या पानावर विश्वासरावांना गोळी चाटून गेल्याचे लिहिलेले असते. आपल्या जगातील बखरीत तीच गोळी त्यांना लागलेली आहे. दुसऱ्या जगातून आणलेली एखादी वस्तू पुराव्यादाखल उरणे ही अशा कथांची जुनी रूढी आहे. वेल्सच्या ‘टाइम मशीन’मध्ये (१८९५) ती दोन कोमेजलेल्या फुलांच्या रूपाने येते. नारळीकरांनी फुलाच्या जागी बखरीचे पान योजिले, आणि येथे मराठी वाचकाला हसू फुटावयास हवे. राजवाड्यांपासूनच्या इतिहाससंशोधनाचा आग्रह होता तो अस्सल पत्रांचा. बखरींवर राजवाड्यांनी घेतलेले आक्षेप प्रसिद्ध आहेत. मराठीच्या वर्गात ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचली जाते ती तिच्या भाषेच्या ओजासाठी. घटनेच्या साक्षीसाठी नव्हे. अशा बखरीचे एक फाटके पान हाच येथे निर्णायक पुरावा! पुन्हा, तो पुरावा मिळाला आहे ग्रंथालयाचे पुस्तक न सांगता खिशात घालून. अस्सल साधनांच्या शोधात गावोगावची दप्तरे पालथी घालणाऱ्या परंपरेचा वारसदार शेवटी बखर घेऊन पळतो, हा उपरोध इतका सौम्य आहे की तो अनेकांच्या ध्यानातही येत नाही. वैज्ञानिक मित्र आधी सारी हकीकत कल्पनाविलास म्हणून झटकतो आणि पान पाहताच गंभीर होतो. इतिहासकाराने ज्या कागदावर संशय घ्यावयाचा, त्यावर वैज्ञानिक विश्वास ठेवतो.

आणि आता खुर्ची. या प्रसंगाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. रिकामी अध्यक्षीय खुर्ची दिसताच पंत तिच्याकडे लोहचुंबकाने ओढल्यासारखे जातात. वक्ता थांबतो. श्रोते ओरडतात, त्यांचे म्हणणे असे की या व्याख्यानमालेला अध्यक्ष नसतो, आणि ती खुर्ची केवळ प्रतीकात्मक आहे. अध्यक्षांचे समारोप, लांबलचक परिचय आणि आभारप्रदर्शने यांना ते विटलेले आहेत. त्या चाली त्यांनी केव्हाच सोडून दिल्या आहेत. आपण प्रतीक आहो असे येथे प्रतीकच सांगते. एरवी प्रतीक स्वतःचा अर्थ स्वतः सांगू लागले की ते मरते. वर ज्या नियमाचा उल्लेख झाला, त्याचा हा उघड भंग आहे. मग ही योजना फसली काय? फसली नाही, याचे कारण असे की प्रतीकाचा अर्थ सांगितला जातो तो अशा माणसाला, ज्याला प्रतीक ही गोष्टच कळत नाही. पंतांच्या दृष्टीने खुर्ची ही बसण्याची वस्तू आहे. ती रिकामी आहे, याचा अर्थ ती आपल्यासाठी आहे. विनोद अध्यक्षांचा नाही; चिन्हाला वस्तू समजणाऱ्या विद्वत्तेचा आहे. ज्याने आयुष्यभर ताम्रपट, शिक्के आणि राजचिन्हे यांचे अर्थ लावले, त्यालाच समोरच्या खुर्चीचा अर्थ लावता येत नाही.

या खुर्चीचे एक जुळे भावंड ग्रंथालयातील पाचव्या खंडात बसलेले आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. त्या पर्यायी भारतात विसाव्या शतकात लोकशाही येते, पेशव्यांची जागा लोकनियुक्त संस्था घेतात. पण दिल्लीचा शाहेनशहा तसाच राहतो, कारण त्याच्या हाती काहीच नाही. मध्यवर्ती संसदेच्या शिफारशींवर शिक्का उमटविणे एवढेच त्याचे काम. म्हणजे त्या समाजाने दिल्लीत एक शोभेची खुर्ची भरलेली ठेवली आहे आणि आझाद मैदानावर एक शोभेची खुर्ची रिकामी ठेवली आहे. दोन्हींचा अर्थ एकच : सत्ता येथे नाही. दुपारी ग्रंथालयात पहिल्या खुर्चीविषयी वाचून, टिपणे काढून पंत बाहेर पडतात आणि संध्याकाळी दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतात. वाचलेले कळले असते तर ते बसले नसते. त्या इतिहासाचा खरा विजय पानिपतच्या मैदानावर झालेला नसून या मैदानावर झालेला आहे. आणि तो पाहावयास आलेला एकमेव इतिहासकार त्याला पराभूत पक्षाकडून सामोरा जातो. शीर्षकातील ‘पानिपत’ येथे पूर्ण होते.

या कथेला वास्तवाने पुढे एक विलक्षण जोड दिली. नारळीकर २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि प्रकृतीच्या कारणाने ते संमेलनस्थळी उपस्थित राहू शकले नाहीत. अध्यक्ष आहेत आणि खुर्ची रिकामी आहे, असे दृश्य त्यांच्याच कथेच्या वाचकांना पाहावे लागले. त्या वेळी या अनुपस्थितीवर नाराजीचे जे सूर निघाले, ते आझाद मैदानावरील श्रोत्यांच्या नेमके उलट होते. मे २०२५ मध्ये नारळीकरांचे निधन झाले. या योगायोगाला कथेचे भाकीत म्हणणे अर्थातच पोरकटपणाचे होईल. मात्र वास्तवातून कथेत काय आले, एवढेच शोधणाऱ्या अभ्यासकाला तो हे सुचवितो, की चांगल्या प्रतीकाची वाहतूक एकाच दिशेने चालत नाही.

कथेचा अखेरचा भाग सर्वांत दुबळा आहे. राजेंद्र देशपांडे पंतांना समजावून सांगतो : एखाद्या परिस्थितीत लहानशा बदलाने निकाल एका बाजूला झुकू शकतो, याचे गणित रने टॉमच्या आपत्ती-सिद्धांतात, म्हणजे कॅटॅस्ट्रॉफी थिअरीत, आहे; आणि सूक्ष्म कणांच्या जगात एकाच कारणातून एकच परिणाम निघेल असे सांगता येत नाही, म्हणून वास्तवाला अनेक पर्याय संभवतात. टॉमचे मूळ पुस्तक १९७२ चे. त्याचा बोलबाला त्या दशकात पुष्कळ झाला आणि पुढे ओसरला. अनेक विश्वांची कल्पना एव्हरेटने १९५७ सालीच पुंजयामिकीत मांडली होती. विज्ञान म्हणून ही मांडणी स्वच्छ आहे. नारळीकरांचे केंब्रिजमधील मार्गदर्शक फ्रेड हॉईल यांच्या १९६६ च्या ‘ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट’ या कादंबरीत पृथ्वीचे निरनिराळे प्रदेश एकाच वेळी निरनिराळ्या काळांत नांदताना दिसतात. कल्पनेची ही जातकुळी नारळीकरांना घरचीच होती. परंतु कथेच्या घडणीत हे स्पष्टीकरण काय करते? ज्या कथेने अध्यक्षीय समारोपाची रेवडी उडविली, तिचा शेवट एका समारोपाने होतो. इतिहासकार खुर्चीवरून उठतो आणि वैज्ञानिक तीवर बसतो. एक श्रोता, एक वक्ता, मध्ये तात्पर्य. टोमॅटो फेकण्यास तेथे कोणी नाही, एवढाच फरक. हा उपरोध लेखकाने हेतुतः योजिला असता तर तो त्याच्या प्रतिभेचा कळस ठरला असता. पण राजेंद्राच्या बोलण्यात थट्टेचा कोठेही मागमूस नाही. त्यामुळे तो योजिलेला नसावा असेच मानणे भाग आहे. मराठी विज्ञानकथेला आरंभापासून जडलेली ही खोड होय : विज्ञानाला बोलू देण्याऐवजी वैज्ञानिकाला बोलावयास लावणे.

त्या स्पष्टीकरणानंतर एक छोटासा प्रसंग मात्र कथेला पुन्हा सावरतो. हजारावे भाषण पानिपतच्या परिसंवादात होणार काय, असे राजेंद्र विचारतो. ते भाषण आझाद मैदानावर होऊन गेले, असे पंत सांगतात. खुर्चीचे रक्षण करता करता नाहीसे झालेले गायतोंडे आता कोणत्याही सभेत अध्यक्ष म्हणून दिसणार नाहीत, आणि परिसंवादाच्या आयोजकांना नकार कळविलेला आहे. पानिपतचा खरा निकाल ज्याने दोन्ही बाजूंनी वाचला, असा जगातील एकमेव माणूस पानिपतच्या परिसंवादाला गैरहजर राहतो. तेथे कोण अध्यक्ष झाले, हे कथा सांगत नाही.